स्वभाव, परिस्थिती आणि गिरणीचा खाडा

दिघीच्या धक्क्यावर आगरदांड्याच्या फेरीबोटीची वाट पाहत उभे राहिले, म्हणजे समोर राजपुरीची खाडी, पलीकडे मुरुडचा किनारा आणि खाडीच्या तोंडाशी पाण्यात ठाण मांडून बसलेला जंजिरा दिसतो. बोटीला उशीर झाला की माणसे बोलू लागतात, आणि बोलणे फिरून फिरून माणसाच्या स्वभावावर येते. "आपला कोकणी माणूस असाच. चार दिवस काम करील, पाचव्या दिवशी गावाला पळेल." बोलणारा बहुधा कोकणीच असतो. मग कोणीतरी "स्वभावाला औषध नाही" ही म्हण टाकतो आणि तेवढ्यात बोट लागते. आम्ही तीस वर्षे कामगारांत वावरलो. हे वाक्य मालकाच्या तोंडून ऐकले, मुकादमाच्या तोंडून ऐकले, खुद्द कामगाराच्या तोंडून ऐकले. आणि खरे सांगावयाचे तर रागाच्या भरात आम्हीही ते उच्चारले आहे. ते किती जुने आहे, कोणाच्या सोयीचे आहे आणि कितपत खरे आहे, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

हा प्रश्न नुसता गप्पांचा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने देशात ज्या बारा औद्योगिक नगरांना मंजुरी दिली, त्यांत दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राचे नाव आहे. आमच्या मुलांना तेथे कायमचे काम मिळणार की ठेकेदाराच्या वहीत रोजचे नाव लागणार, याचा निर्णय करणाऱ्यांच्या मनात 'इथली माणसे टिकत नाहीत' हा समज आधीच तयार असेल, तर पुढच्या सर्व वाटाघाटी त्या समजाच्या सावलीत होतील. मुंबईत हेच पूर्वी झाले आहे. म्हणून तो इतिहास आधी पाहू.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली उभारावयास घेतली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत भोंग्यांचे एक नवे शहर वसले आणि त्यात माणसे भरली ती प्रामुख्याने कोकणाने व घाटाने. १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. कुलाबा जिल्हा आणि जंजिरा संस्थान यांतूनही माणसे जात. दिघी तेव्हा सिद्दी नवाबाच्या संस्थानात होती. १९४८ साली संस्थान विलीन होऊन हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. राज्य कोणाचेही असो, पावसाळी एक पीक, खोताचे देणे आणि घरात खाणारी तोंडे हे गणित खाडीच्या दोन्ही काठांवर सारखेच होते.

या माणसांबद्दल गिरणीमालकांची तक्रार पहिल्यापासून एकच होती: हा कामगार मनाने शेतकरी आहे, त्याला शिस्त नाही, महत्त्वाकांक्षा नाही, शिमगा आला की तो गावी जातो, हातात चार पैसे आले की खाडा करतो. 'खाडा' हा गिरणगावातला शब्द आजच्या मुलांना सांगावा लागतो. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा. कित्येक गिरण्यांत दुहेरी खाडा लावीत. म्हणजे एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा पगार कापावयाचा. ज्याने ही पद्धत काढली त्याची समजूत उघड आहे. गैरहजेरी हा स्वभावाचा दोष आहे, आणि दोषाला औषध नसले तरी दंड आहे!

आता हा खाडा करणारा माणूस कोणत्या दिवसातून जात होता ते पाहा. आरंभी काम सूर्योदय ते सूर्यास्त चाले. आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठविला. त्यात आठवड्यातून एक दिवस विश्रांती आणि दुपारी अर्धा तास जेवणाची सुट्टी ही मागणी होती. रविवारची सुट्टी पदरात पडावयास १८९० उजाडले. पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला तरी साचे थांबेनात. काही ठिकाणी दिवस चौदा-चौदा तासांचा झाला. ओरड झाली तेव्हा १९०७ मध्ये सरकारने एक कारखाना-कामगार आयोग नेमला. त्यापुढे मालकांनी सांगितले की हिंदी कामगार हा विलायती कामगारासारखा सलग काम करीतच नाही. तो कामाच्या वेळेत आवारात हिंडतो, विडी ओढतो, जेवतो, आंघोळ करतो. तेव्हा त्याचे तास कमी करण्याची जरुरी काय? आयोगाच्या बहुमतानेही प्रौढ पुरुषांचे तास थेट कायद्याने बांधण्यास नकार दिला. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर हे एकटे सभासद भिन्नमत नोंदवून तासांना मर्यादा घालाच असे म्हणाले.

या साक्षी पहिल्यांदा वाचल्या तेव्हा आम्ही हसलो होतो. चौदा तास यंत्राजवळ राहणारा माणूस जेवणार कोठे, आणि आंघोळ करणार केव्हा? चाळीच्या नळाचे पाणी तो घरी पोचेपर्यंत गेलेले असे. जी विश्रांती त्याला हक्काने मिळत नव्हती ती तो चोरून घेत होता, आणि ती चोरी त्याच्या स्वभावाच्या खात्यावर मांडली जात होती. पुढे १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत बारा तासांची मर्यादा आली, १९२२ मध्ये आठवड्याला साठ तासांची, आणि १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस तासांची. डॉ. नायरांचे एकट्याचे मत तीन वर्षांत कायदा झाले.

मानसशास्त्राची पुस्तके आमच्या हाती उशिरा पडली, तीही वाचनालयातून, एकेक करून. परंतु जे इतकी वर्षे डोळ्यांसमोर घडत होते त्याला तेथे नावे सापडली. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि त्याच्याभोवतीच्या परिस्थितीकडे डोळेझाक करतो, या मानवी खोडीला ली रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये 'मूलभूत' चूक असे विशेषण लावले. स्वतःच्या बाबतीत मात्र आपण नेमके उलट करतो. आम्हाला उशीर झाला तर बोट चुकली. कामगाराला उशीर झाला तर तो आळशी.

त्याआधी चाळीस वर्षे, १९३६ साली, हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेल्या कुर्ट लेविनने एक सूत्र मांडले होते, की वागणूक ही माणूस आणि त्याचे वातावरण या दोहोंच्या मेळातून निघते. एकाला सोडून दुसऱ्यावरून ती ओळखता येत नाही. १९७८ मध्ये आल्बर्ट बंडुराने त्याला आणखी एक पीळ दिला. त्याच्या मते माणसाचे विचार, त्याची कृती आणि त्याची परिस्थिती ही तिन्ही एकमेकांना घडवीत असतात. परिस्थितीने माणूस घडतो हे अर्धेच सत्य. माणसाच्या कृतीने परिस्थिती बदलते, आणि बदललेल्या परिस्थितीत तोच माणूस निराळा विचार करू लागतो. मार्क्सने १८४५ साली फॉयरबाखवरील टिपणांत याच्या फार जवळचे काही लिहून ठेवले होते. माणसे परिस्थितीची लेकरे आहेत म्हणणारे लोक हे विसरतात की परिस्थिती बदलणारीही माणसेच असतात, असा त्याचा रोख होता. आमच्या चळवळीतल्या पुष्कळांनी मार्क्सचे पहिले वाक्य पाठ केले आणि दुसरे गाळले, ही आमची जुनी तक्रार आहे. असो.

लेविनचे सूत्र पुढे कारखान्यातही तपासले गेले. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील मॅरियन या डोंगरी गावात हारवुड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. कामाला आसपासच्या खेड्यांतल्या स्त्रिया. कामाची पद्धत बदलली की त्या कुरकुरत, उत्पादन घसरे, कित्येक नोकरी सोडीत. कोच आणि फ्रेंच या दोघांनी केलेला प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला बदल नुसता सांगितला. दुसऱ्या गटांना चर्चेत घेऊन, बदल कसा करावयाचा हे त्यांच्याशी बोलून ठरविले. पहिल्या गटातल्या शंभरी सतरा बायका चाळीस दिवसांत काम सोडून गेल्या. ज्या गटांत साऱ्याजणी चर्चेला बसल्या होत्या, त्यांतली एकही गेली नाही. आम्हाला यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. पहिल्या गटातल्या ज्या उरल्या होत्या त्यांनाच काही महिन्यांनी दुसऱ्या एका बदलाच्या वेळी चर्चेत घेतले, तेव्हा त्याच 'कुरकुऱ्या' बायका चटकन वर आल्या. बाया त्याच, हात तेच. त्यांना विचारले गेले एवढाच फरक.

तेव्हा मुंबईच्या गिरणीत कामगाराला काय विचारले जात होते? सकाळी दरवाजाशी माणसे गोळा होत आणि जॉबर, म्हणजे मुकादम, त्यांतून हवी ती उचले. त्याला दस्तुरी द्यावी लागे. बदली कामगाराला आज काम, उद्या नाही. पगार महिन्याने आणि तोही उशिरा. तोवर वाण्याकडे उधारी, आणि सावकाराचे व्याज रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा पंचाहत्तर. आजारपणाचा भत्ता नाही, म्हातारपणाची सोय नाही, बाळंतपणाला जागा नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे. अशा स्थितीत आजारी पडलेला, थकलेला, लेकीचे लग्न काढलेला माणूस गावी न जाईल तर कोठे जाईल? गाव हाच त्याचा दवाखाना, गाव हेच त्याचे निवृत्तिवेतन. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगात आमच्या शेजारच्या गोरेगावचे, माणगाव तालुक्यातले, नारायण मल्हार जोशी सभासद होते. त्या आयोगाने १९३१ च्या अहवालात स्पष्ट म्हटले की कामगार शहराच्या ओढीने येत नाही, तो खेड्यातून ढकलला जातो. आणि त्याचे गावाशी असलेले नाते तोडण्याऐवजी ते नीट मार्गी लावावे.

मालकांना या नात्याची दुसरी बाजू तोवर चांगलीच कळून चुकली होती. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी संप केला. सहा महिने! बिनपगारी सहा महिने माणूस शहरात काढू शकत नाही. हजारो कामगार गावी गेले, लावणी केली, भात खाल्ले आणि संप टिकला. ज्या गावाच्या ओढीमुळे हा माणूस 'अस्थिर' ठरला होता, तीच ओढ संपात त्याच्या स्थैर्याचा पाया झाली. गुण आणि दोष हे माणसाच्या अंगाला चिकटलेले नसतात. एकच गोष्ट मुकादमाच्या वहीत खाडा असते आणि संपाच्या वहीत निर्धार. राजनारायण चंदावरकर या इतिहासकाराने १९९४ च्या आपल्या ग्रंथात गाव आणि गिरणी यांच्या या गुंतागुंतीची फार बारकाईने उकल केली आहे.

त्या संपातच गिरणी कामगार युनियन जन्मास आली आणि वर्ष संपण्यापूर्वी तिचे सभासद पन्नास हजारांवर गेले. तिचे अध्यक्ष अर्जुन आळवे हे स्वतः गिरणीत काम करणारे. पुढे १९२९ मध्ये मीरत खटल्यात त्यांना पकडण्यात आले. दरवाजाशी मुकादमासमोर मान खाली घालून उभा राहणारा माणूस गिरणी समितीत बसून व्यवस्थापकाशी बोलू लागला, याचा त्याच्या मनावर काय परिणाम झाला असेल? लोक म्हणतात की नेता जन्माला यावा लागतो. आम्ही पाहिले आहे ते असे, की सभेत एकदा उठून चार वाक्ये बोललेला माणूस दुसऱ्या दिवशी खात्यात निराळ्या चालीने चालतो. आणि त्याची चाल पाहून मुकादमही निराळ्या सुरात बोलतो.

परंतु कामगारांच्या एकजुटीचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. गिरण्यांच्या साच्याच्या खात्यात, जेथे पगार बरा, तेथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी संपली की नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याने तोंडी लावावयाचा, म्हणून विटाळ. ही अट मालकाची जेवढी, तेवढीच सवर्ण कामगारांची. आणि बोलणे असे, की 'त्यांना हे नाजूक काम जमत नाही, त्यांचा पिंडच तो नाही'. साच्याला हातच लावू द्यावयाचा नाही आणि मग हाताला कसब नाही म्हणावयाचे! १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी या प्रश्नावर पुढाऱ्यांना अडविले, आणि ते योग्यच केले.

याच काळात आमच्या जिल्ह्यात महाड घडले. आमच्या विषयाचा त्याहून मोठा दाखला आम्हाला माहीत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. म्हणजे कागदावर परिस्थिती बदलली. तरीही तीन वर्षे कोणी त्या पाण्याला शिवले नाही. कारण परिस्थिती म्हणजे केवळ कायदा नव्हे. शेजाऱ्याचा डोळा, खोताची लाठी, आणि आपल्याच मनात पिढ्यान्‌पिढ्या बसलेली 'हे आपले नव्हे' ही समजूत, हे सारे परिस्थितीतच मोडते. महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी लहानपणीच झगडावे लागलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांनी परिषदेसाठी खटपट केली; सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे यांनी साथ दिली; आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागून हजारो माणसे तळ्यावर गेली व पाणी प्याली. त्यानंतर त्यांना मारही खावा लागला. तळे तेच होते, ठराव तोच होता. बदलली ती कृती. तिच्यामागून विचार बदलला. आणि त्या विचाराच्या बळावर दहा वर्षे खटला लढवून १९३७ साली उच्च न्यायालयातून हक्कही मिळविला. १९२७ च्याच डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांना जातीची खूण दाखविणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडण्यास सांगितले, आणि बायकांनी ती लगोलग सोडली. हे मोरे पुढे मुंबईत कामगारांचे संघटक झाले, ही आमच्या दृष्टीने लहानसहान गोष्ट नव्हे.

बंडुराची तीन टोके येथे उघड्या डोळ्यांनी दिसतात. यांत पहिले कोणते म्हणून वाद घालणे व्यर्थ. कोठे कायद्याने सुरुवात होते, कोठे एखाद्या हट्टी पोराच्या मनाने. अलिबागजवळच्या चरी परिसरातल्या कुळांनी १९३३ पासून जमिनी पडीक ठेवून सहा वर्षे खोतांशी झुंज दिली, तेथे सुरुवात पोटाने झाली आणि शेवट कुळकायद्याने.

दारिद्र्याचा विचारशक्तीवर काय परिणाम होतो, याचाही आता पुरावा आहे. २०१३ साली 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तमिळनाडूतील ४६४ ऊसकरी शेतकऱ्यांना ऊस तुटण्यापूर्वी, म्हणजे हात रिकामा असताना, आणि पैसे आल्यानंतर, अशी दोनदा बुद्धीची कोडी घातली. तोच शेतकरी तंगीत कमी पडला आणि पैसे आल्यावर अधिक चांगला ठरला. तंगी ही डोक्यात जागा अडवून बसते. महिनाअखेरीस मुलाच्या फीचा आकडा मनात घोळवीत साच्यावर उभा असलेला माणूस 'लक्ष देत नाही' असे लिहिणाऱ्यांनी हा प्रयोग वाचण्यासारखा आहे.

मालकांच्या मूळ तक्रारीचे पुढे काय झाले? १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आली. १९३६ च्या वेतन कायद्याने पगाराची तारीख बांधली, आणि जितका वेळ गैरहजर तितकाच पगार कापावा असे ठरवून दुहेरी खाड्याला लगाम घातला. मग १९४८ मध्ये राज्य विमा, १९५२ मध्ये भविष्यनिर्वाह निधी, १९७२ मध्ये उपदान. आणि पळपुटा म्हणून नावाजलेला कोकणी माणूस तीस-तीस वर्षे एकाच खात्यात राहून निवृत्त होऊ लागला. मुलाला आपल्या जागी लावण्यासाठी धडपडू लागला. शिमग्याला आणि गणपतीला मात्र तो जातच राहिला, आणि का जाऊ नये? मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ मध्ये गिरण्यांची दप्तरे चाळून असाच निष्कर्ष काढला, की शिस्तीचा अभाव कामगाराच्या गावंढळ मनात नव्हता. गिरणीमालकांनी जशी कामाची व्यवस्था ठेवली तसा कामगार वागला.

ज्या बायका या कामगारांना जेवू घालीत त्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. खाणावळी चालविणाऱ्या या स्त्रियांना कोणी 'कामगार' म्हणतच नसे. दिवसाचे सोळा तास चुलीपुढे, आणि उधारी बुडाली की सावकाराच्या दारात. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, बँकेचे कर्ज मिळवून दिले, आणि 'आमच्या बायकांना हिशेब कळत नाही' म्हणणारे नवरे हप्त्याच्या तारखा बायकोला विचारू लागले.

येथवर वाचून कोणी म्हणेल, की मग माणसाला स्वभावच नाही काय? आहे. एकाच चाळीतल्या, एकाच खात्यातल्या दोन सख्ख्या भावांपैकी एक सभेला येतो व दुसरा येत नाही, हे आम्ही कितीदा पाहिले आहे. काही माणसे उपजत तापट, काही सोशीक. परंतु तापट माणूस मुकादमावर तापेल की बायकोवर, हे पुष्कळ अंशी त्याच्याभोवतीची मांडणी ठरविते.

आमचा स्वतःचा हिशेबही मांडला पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आम्ही तेव्हा शाळकरी पोर. वडील लोखंडी ट्रंक घेऊन दिघीला परत आले. खोलीतला त्यांचा जोडीदार सात-आठ महिन्यांनी कामावर गेला. घरात त्याचे नाव निघाले की वडील म्हणत, "तो मुळातच फुटका." आम्हीही पुढे युनियनमध्ये आल्यावर कित्येक वर्षे त्या माणसाचे उदाहरण फुटीर स्वभावाचा नमुना म्हणून देत असू. एकदा त्याच्या गावी जाण्याचा योग आला. त्याला भावकीत एक गुंठाही जमीन नव्हती. आमच्याकडे भाताचे चार कुणगे होते, आईला मासळी विकावयास जाता येत होते. त्याच्या घरी संपाच्या तिसऱ्या महिन्यात बायकोची पोत गेली होती. वडिलांचा निर्धार खरा होता, पण त्याच्या मुळाशी चार कुणगे होते. हे कळल्यावर वडिलांबद्दलचा आदर कमी झाला नाही; ते उदाहरण देणे मात्र आम्ही बंद केले. वडील वारले तोवर हे त्यांना सांगण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही.

गावी आलेल्या त्या गिरणीवाल्यांना येथील लोक आळशी म्हणत. शहरात पाळी संपली की भोंगा होई. येथे संपलेल्या दिवसाची खूणच नव्हती. धक्क्यावर तासन्‌तास बसणारी ती माणसे आम्हाला अजून दिसतात. त्याच गावांतून, त्याच घरांतून खलाशी म्हणून आगबोटींवर गेलेली माणसे मात्र सारंग, टंडेल होऊन परत येत, आणि त्यांना कोणी आळशी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आता अलीकडची गोष्ट. एका ठेकेदाराच्या गोदामावर आमची काही मुले रोजंदारीवर आहेत. त्यांना कायम करा म्हणून आम्ही गेलो. ठेकेदार माणूस गोड बोलणारा. त्याने हजेरीची वही पुढे सरकविली आणि म्हणाला, "तुम्हीच बघा काका, किती खाडे! ही पोरे टिकणारी नव्हेत." वही आम्ही मागून घेतली आणि दोन संध्याकाळी मुलांना जवळ बसवून एकेक तारीख विचारली. काही खाडे लावणीच्या आठवड्यातले निघाले. काही खवळलेल्या समुद्रामुळे फेरीबोट बंद राहिली त्या दिवसांचे. खाडीला वळसा घालून येणारा रस्ता इतका लांब की एसटीचे भाडे रोजीला खाऊन टाकील. आणि सर्वांत मोठा घोळका होता तो पगार थकलेल्या महिन्यांत, विसाव्या तारखेनंतरचा. एक मुलगा मान खाली घालून म्हणाला, "काका, बोटीला पैसे नव्हते, आणि मागायची लाज वाटली."

ही तारखांची यादी आम्ही ठेकेदारापुढे ठेवली. त्याने ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "हे मी कधी असे लावून पाहिले नव्हते." पुढच्या महिन्याचा पगार सात तारखेला झाला. लावणीसाठी चार दिवसांच्या रजेचे बोलणे अजून चालू आहे, आणि कायम करण्याचा कागद त्याच्या टेबलावर पडून आहे. त्या महिन्याच्या हजेरीची वही आम्ही मागितली आहे. ती हाती आली की मुलांना घेऊन पुन्हा बसणार आहोत.